लांडोरीवरचं फडकं

“ते निळं काड आदी.”

महिपतीतात्या मला जीपमधून उतरूच देत नव्हता. दाराला हात लावून उभा राहिला. पहाटेचे पाच वाजून गेलेले, जानेवारीची थंडी, कॅनॉलवरून बोचरं वारं येत होतं, आणि हा माणूस मला स्वेटर काढायला सांगत होता.

“तात्या, गारठून मरंन की मी.”

“गारठ्यानं न्हाय मरत मानूस. निळ्यानं मरतंय. मोराची मान कंच्या रंगाची असती?”

“निळी.”

“मग? ज्याच्या हातात बंदूक हाय, त्याला गवतात निळं हाललं की मोरच दिसतो. ड्रायव्हरसायेब दिसत न्हाईत.”

मी स्वेटर काढून सीटवर टाकला. त्यानं स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून माझ्यावर टाकली. मग मागून लांडोर उचलली. ती भगव्या फडक्यात गुंडाळलेली होती, चोच नाही की शेपूट नाही, काही बाहेर दिसत नव्हतं. खांद्यावर लेकरू घेतल्यासारखी घेतली आणि चालायला लागला.

लांडोर खोटी होती. तात्यानंच केलेली.

मी आमच्या वनखात्याच्या जीपवर ठेक्यावरचा ड्रायव्हर. शिवराज. तात्या वनमजूर. एकोणतीस वर्षं झाली, रोजंदारीवर. रोपं लावणे, वणवा अडवायला जाळपट्टा काढणे, पाणवठ्यात टँकरचं पाणी सोडणे, असली कामं. आमचा भाग श्रीपूरच्या अलीकडचा. सगळा ऊस, आणि उसाच्या मधोमध हे एक गायरान राहिलेलं. उसात मोर लपतात, गायरानात चरायला येतात. दिवाळीनंतर तिथं पिसांचा खच सापडायला लागला. एकदा काडतुसाचं लाल टोपणही सापडलं. दोन जण मोटारसायकलवर येतात, उजाडताना, एवढं कळलं होतं. कोण ते कळलं नव्हतं.

मग आमच्या वनाधिकारी महेश्वरी मॅडमनी ठरवलं की खोटा पक्षी उभा करायचा. त्या दोघांनी बार टाकला की पकडायचं. मॅडमला वाटलं होतं, सोलापुरातून फायबरचा मोर करून आणावा. तात्या म्हणाला, “मोर नको बाई. मोर लई भारी दिसतो, त्याचाच संशय येतो. लांडोर करू. आन् मान खाली घालून चरताना करू. मान वर केलेली लांडोर म्हंजी भ्यालेली लांडोर. तिच्या जवळ कोन थांबत न्हाय.”

थर्माकोल, सायकलची ट्यूब, गायरानात पडलेली खरी पिसं. वरून चिकणमाती चोळली, उन्हात चमकू नये म्हणून. पोटात लोखंडी सळई, ती जमिनीतल्या पाइपात बसवायची, म्हणजे वाऱ्यानं जरा जरा फिरते. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हाकलायला टाळी वाजवली होती. तात्या पोट धरून हसला होता.

जागाही त्यानंच ठरवली. समोर गाडीवाट. वाटेपासून चाळीस पावलांवर लांडोर. तिच्या मागं कॅनॉलचा मातीचा भराव, म्हणजे छरे तिथंच मुरणार. आम्ही बसायचं बाजूला, जुन्या कडुलिंबाच्या बुंध्याला पाठ टेकून. बुंधा खांद्यांपेक्षा रुंद पाहिजे. लांडोरीच्या मागं कधीही जायचं नाही. काही झालं तर हात हलवायचा नाही.

“मग काय करायचं?”

“वरडायचं. मानसावानी वरडायचं. हात काय, पाखराचा पंखसुदीक हालतो.”

मॅडम दोन गार्ड घेऊन जीपमध्ये, उसाच्या आडाला. आम्ही फोन केला की त्यांनी वाट अडवायची.

इतकं चोख. आणि चार वेळा फसलं.

चारही वेळा मोटारसायकल आली. थांबली. अंधुक उजेडात दिसलं ते एवढंच, दोघांनी लांडोरीकडं बघितलं. आणि निघून गेले. आम्ही फोन लावेपर्यंत ते पार फाट्याच्या पलीकडं. चौथ्या वेळी तर तिथून दोन किलोमीटरवर त्याच दिवशी खरा मोर मारला.

“कोणीतरी सांगतंय,” मॅडम म्हणाल्या. आम्ही दोघंच होतो जीपमध्ये, माळशिरसहून येत होतो. “त्यांना माहितेय ती खोटी आहे. आणि ती खोटी आहे हे आपल्या पाच जणांनाच माहितेय.”

मी गिअर बदलला.

“महिपतीच्या घरात शिकार होती, तुला माहितेय? पिंजऱ्यात तितर पाळायचे. तो बोलायला लागला की रानातले तितर येणार, आणि हे मारणार. इतकं सगळं त्याला येतं ते कुठून येतं?”

हे मला माहीत नव्हतं. पण ऐकलं आणि खरं सांगतो, मागचं सगळं एकदम वेगळं दिसायला लागलं.

“कायम करायच्या यादीत नाव आलंय त्याचं,” मॅडम म्हणाल्या. “जूनमध्ये साठ पूर्ण होतात. ही शेवटची यादी त्याच्यासाठी. मंगळवारी मला सही करून पाठवायचीय. मला सही करायचीय, शिवराज. पण खात्री पाहिजे. तू त्याच्याबरोबर असतोस. लक्ष ठेव.”

माझा स्वतःचा ठेका मार्चमध्ये संपणार होता. ते त्या बोलल्या नाहीत. मीच मनात बोललो.

एकदा माणसाकडं लक्ष ठेवायला लागलं की तो काहीही करू दे, चोरासारखंच दिसतं. तात्या तंबाखू मळताना वाटेकडं बघायचा, मला वाटायचं कुणाची वाट बघतोय. बोलायचा नाही तेव्हा वाटायचं लपवतोय. बोलायला लागला की वाटायचं, आज एवढा का बोलतोय.

पण दोन गोष्टी खऱ्याच होत्या.

पहिली म्हणजे फोन. लिंबाखाली बसलो की तात्या बनियनच्या खिशातून छोटा बटणाचा फोन काढायचा, एक मिसकॉल द्यायचा, ठेवून द्यायचा. काम संपवून उठलो की परत एक. बोलणं नाही. रोज. मी एकदा विचारलं, “कुणाला ओ तात्या?”

“हाय एक जन.”

दुसरी म्हणजे फडकं. भगव्या चादरीचे त्यानं दोन तुकडे केले होते. एकात लांडोर गुंडाळून आणायचा. दुसरा लांडोरीच्या मागं, भरावाच्या पायथ्याला जी बाभळ आहे, तिच्या फांदीला बांधलेला. तो तिथंच असायचा, कायमचा. पहिल्या दिवसापासून. वाटेवरून बघितलं की लांडोर, आणि तिच्या बरोबर मागं फडकं. लांबून दिसायचं.

“हे कशाला?”

“आपुन हितं हाय म्हनून.”

“कुणाला कळायला?”

“ज्याला कळायचं त्याला,” तात्या म्हणाला, आणि लांडोरीची मान नीट करायला वाकला.

त्या रात्री मी फडक्याचा फोटो मॅडमना पाठवला. खाली लिहिलं, “खूण असावी. मिसकॉलपण देतो.” दोन्ही टिका निळ्या झाल्या. उत्तर आलं, “उद्या संध्याकाळी जाऊन काढून टाक. त्याला सांगू नकोस. परवा परत बसू.”

संध्याकाळी मी गेलो नाही. माझ्या मोबाईलची काच फुटली होती, ती बदलायला माळशिरसला गेलो. तिथं मित्र भेटला. वडापाव, चहा, गप्पा. अंधार पडला. म्हटलं, पहाटे काढू, काय होतंय. मॅडमना लिहिलं, “काढलं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्या पाइपात सळई बसवत होता. मी म्हटलं, “तात्या, जरा जाऊन येतो.”

“लांब जाऊ नगं. पाच मिंटात उजाडतंय.”

थंडी इतकी होती की मी घोंगडीच्या आत स्वेटर तसाच ठेवला होता. कोण बघतंय. मी लांबून वळसा घालून भरावाच्या पायथ्यानं बाभळीपाशी आलो. गाठ दवानं ओली होऊन घट्ट झालेली. बोटं बधिर. बुंध्याशी एक दगड होता, त्याला शेंदूर फासलेला, पुढं नारळाची करवंटी. मला वाटलं, वा तात्या, सोंग पण भारी घेतलंस. दातानं गाठ ओढली. घोंगडी काट्याला अडकली, ती खांद्यावरून सरकून खाली पडली. गाठ सुटली तेव्हा पूर्वेला तांबडं झालेलं, आणि वाटेवर मोटारसायकलचा आवाज.

मी मटकन खाली बसलो. गवतात. कुठं बसलो ते बसल्यावर कळलं. माझ्यासमोर पंधरा पावलांवर लांडोरीची पाठ, तिच्यापुढं वाट, आणि वाटेवर ते दोघं. सरळ एका रेषेत.

गाडी बंद झाली. मागचा उतरला. ह्या वेळी ते गेले नाहीत. पोत्यातून बंदूक काढली.

मला तात्या दिसत होता, लिंबाशी. तात्याला मी दिसत नव्हतो. मला वाटलं त्याला कळवावं, फोन कर म्हणावं. मी हात वर केला.

नळी लांडोरीवर होती, ती वर आली. माझ्यावर. माझ्या निळ्या स्वेटरवर. मला तिचं तोंड दिसलं. गोल, काळं. ओरडायचं असतं हे मला माहीत होतं, पण तोंडातून काही निघेना.

“मानूस हाय! ए! मानूस हाय तितं! मारू नगं, मानूस हाय!”

तात्या उभा राहून ओरडत होता. हात दोन्ही बाजूंना घट्ट, जराही हलवत नव्हता, नुसता ओरडत होता. इतका मोठा आवाज त्या वाळक्या अंगात कुठं होता कोण जाणे. उसातून बगळे उठले. बंदुकवाला दचकला, गाडीवर उडी टाकली आणि गेले. नंबरप्लेटवर चिखल.

तात्या धावत माझ्याकडं आला. खांदे दाबून बघितले, छाती चाचपली. “लागलं न्हाय न्हवं? लागलं न्हाय न्हवं?” मग त्याला माझ्या मुठीतलं फडकं दिसलं. मग स्वेटर. त्यानं काट्यातून घोंगडी सोडवली आणि माझ्या अंगावर टाकली, निळं झाकलं.

जीप येताना दिसली. मी फडकं स्वेटरच्या आत कोंबलं.

मॅडम उतरल्या त्या तरातरा तात्याकडंच. “का ओरडलास? समोर होते ते! बंदूक बाहेर होती! का ओरडलास?”

“मानूस व्हता, बाई.”

“कुठला माणूस?”

तात्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वाट बघितली.

“शिवराज,” मॅडम म्हणाल्या, “तू कुठं होतास?”

“लिंबाखाली,” मी म्हणालो. “तात्याच्या शेजारी.”

हे एवढंच बोललो. तात्यानं मान खाली घातली. पाइपातून सळई काढली, लांडोर पहिल्या फडक्यात गुंडाळली, नीट, शेपटीकडून, आणि जीपमध्ये ठेवली. चालतच घरी गेला. त्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी त्याला निरोप गेला, उद्यापासून येऊ नको.

मंगळवारी यादी गेली. यादीत तात्याचं नाव नव्हतं. पाकीट सोलापूरला मीच पोचवलं, जीपनं. शिक्का मारून पोच घेतली.

येताना गायरानापाशी गाडी थांबवली. का थांबवली ते नीट सांगता येणार नाही. फडकं अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. वाटलं, निदान होतं तिथं बांधून टाकू. भरावावरून शेळ्या घेऊन राजाबाई उतरत होती. वस्तीवरची म्हातारी, तोंडानं फटकळ. मला बाभळीपाशी फडक्यासकट बघितलं आणि तिथूनच सुरू झाली.

“तू काडलंस व्हय रं मुडद्या? देवाचं फडकं? म्हटलं रातीतनं गेलं कुटं!”

“कसला देव, मावशी? हे तर तात्यानं बांधलेलं.”

“बांदू दे की कुनीबी. बांदल्याबिगर देव येतो व्हय? म्हसोबा हाय त्यो. फडकं दिसल्यापास्नं मी शेंदूर लावतीय. माझी शेळी हरवल्याली घावली, नारळ फोडला.” तिनं बाभळीकडं बघून हात जोडले. “लई कडक हाय. बंदूकवालीसुदीक पाया पडत्यात.”

“कोण बंदूकवाले?”

“ती फटफटीवरची दोगं. मी वर शेन गोळा करत व्हते. थांबली, फडक्याकडं बगितलं. मागचा म्हनला, ‘चल रं, देवाच्या दारातलं जनावर हाय ते.’ चपला काडून नमस्कार केला आन् गेली. मी डोळ्यांनी बगितलं. एकदा न्हाय, दोनदा.”

मी तिथंच बसलो, भरावाच्या मातीत.

म्हणजे कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. माणूस आहे हे कळावं, कुणाला चुकून बार लागू नये म्हणून तात्यानं भगवं बांधलं. आमच्याकडं भगवं फडकं बघून माणूस आठवत नाही कुणाला. देव आठवतो. हे तात्याच्या लक्षात आलं नाही, मॅडमच्या आलं नाही, माझ्या तर नाहीच, शेंदूर समोर असूनही. आणि मी ते काढलं आणि देव गेला. त्याच पहाटे बंदूक बाहेर आली.

“बांद परत,” राजाबाई म्हणाली. “आन् माफी माग.”

बांधलं नाही. ते घेऊन तात्याच्या घरी गेलो.

घर भरावाच्या पलीकडं, पत्र्याचं, पुढं शेवग्याचं झाड. तात्या नव्हता, लाकडं आणायला गेलेला. तात्याची बायको, दगडाबाई काकू, ओट्यावर बसून ज्वारी निवडत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. ‘ये’ही म्हणाल्या नाहीत. मी फडकं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते उचललं, झटकलं, घडी घातली.

“धुतलं न्हाईस व्हय?” एवढंच.

“काकू, तात्या रोज पहाटे मिसकॉल द्यायचे. कुणाला?”

त्यांनी सुपातनं मान वर केली. “मला. आनी कुनाला? बसला की एक, उठला की एक. दुसरा आल्याबिगर मी चूल पेटवीत न्हाय. त्या शुक्कारी दुसरा आलाच न्हाय. पळत भरावापातूर आले मी, अनवानी. बगितलं तर ह्यो चालत येतोय. म्हटलं, काय झालं? तर म्हनतो, काय न्हाय. आज वरडलो.”

“वरडलो?”

काकू मग सुपाकडं बघतच बोलल्या.

“थोरले दीर व्हतं माझं. लग्नाच्या आदीची गोस्ट, मी बगितलं न्हाय, ह्यांनीच एकदा सांगितलं. एकदाच. तितराचा पिंजरा गवतात ठेवून दीर त्याच्या मागं पालथे निजल्याले. ह्ये बाजूला, सतरा वर्साचं. पिंजऱ्यातला तितर बोलाय लागला. तर पल्याडच्या गावचा कोन दुसराच शिकारी त्या आवाजावर आला. त्याला काय ठावं पिंजऱ्यातला हाय म्हनून. गवत हाललं, त्यानं नळी वर केली. ह्यांना दिसत व्हतं सगळं. ह्यांनी हात हालवला. थांब म्हनून. वरडायचं सुचलं न्हाय.”

ज्वारीतला एक खडा काढून त्यांनी अंगणात टाकला.

“तितराला काय झालं न्हाय. दीर गेले तरी त्यो बोलतच व्हता म्हनं.”

मी म्हणालो, “काकू, त्या दिवशी तिथं मी होतो. मागं.”

“ठावं हाय.”

“तात्यांनी सांगितलं?”

“त्यो कशाला सांगतोय. तू पांगरल्याली ह्यांची घोंगडी घरी आली, ती मी धुतली. तिला बाभळीचं काटं व्हतं. लिंबाला काटं असत्यात व्हय रं?”

दुसऱ्या दिवशी मॅडम मीटिंगला सोलापूरला होत्या. मी त्यांना सोडलं आणि सात रस्ता चौकात गाडी लावून कोऱ्या कागदावर लिहायला बसलो. लिहायची सवय नाही. तीन कागद फाडले. पहिल्यात सगळं राजाबाईवर गेलं, दुसऱ्यात सगळं थंडीवर. तिसऱ्यातही “गैरसमजातून” असा शब्द आला, तो फाडला. चौथ्यात सरळ लिहिलं. फडकं मी आदल्या दिवशी काढलं नव्हतं. पहाटे काढलं. मी लांडोरीच्या मागं होतो, निळ्या स्वेटरमध्ये. महिपती ओरडला नसता तर बार मला लागला असता. लिंबाखाली होतो हे खोटं सांगितलं. खाली सही.

मॅडमनी गाडीत बसून वाचलं. दोनदा. चष्मा काढला.

“पाच दिवस, शिवराज.”

“हो मॅडम.”

“यादी काल गेली. तू नेलीस.”

“हो.”

“आणि मला ‘काढलं’ म्हणून मेसेज केलास.” त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर सात रस्त्याची गर्दी, कुणीतरी हॉर्न दाबून धरलेला. “आणि मी त्या माणसाला विचारलंसुद्धा नाही नीट. तितर पाळायचे, एवढ्यावर गेले.” मग कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवला. “पुरवणी म्हणून पाठवते. मागं लागते. होईल असं सांगत नाही.”

पाठवला त्यांनी. मागंही लागल्या, मी बघितलंय. पुरवणी यादी अजून आली नाही. जून आता दीड महिन्यावर आहे. माझा ठेका मात्र वाढला. मला वाटलं होतं मला काढतील. दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही म्हणे.

ते दोघं फेब्रुवारीत सापडले. गायरानात नाही, तिथून दोन किलोमीटरवर, उसामधल्या पांदीच्या तोंडाशी. लांडोर तीच. फडकं नव्हतं, पण मी बाजूला होतो, चिंचेला पाठ लावून, मातकट शर्टात. पहिल्याच बाराला तिची मान तुटली.

ती घेऊन मी परत तात्याकडं गेलो. उन्हाळा लागला होता. तात्या शेवग्याखाली बसला होता. त्यानं लांडोर मांडीवर घेतली, उलटी केली, छऱ्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं.

“मान वर ठेवली व्हतीस?”

“नाही तात्या. चरतानाच.”

“वारं?”

“डावीकडनं होतं.”

“हं.” त्यानं काकूंना हाक मारली, चिकणमाती भिजवून आण म्हणाला. एकेक भोक बुजवत बसला. मान ट्यूबच्या रबरानं परत बसवली. मी बोलायचं म्हणून खूप काही ठरवून आलो होतो. त्यातलं काहीच झालं नाही. मी नुसता माती पुढं करत राहिलो. झाल्यावर त्यानं लांडोर फडक्यात गुंडाळली. आता धुतलेलं होतं ते. गाठ मारली, मग सोडली, मग माझ्या हातात टोकं दिली.

“तू मार. गाठ वरल्या अंगाला. खांद्यावर घेतली की लांबनं दिसली पायजे.”

मी मारली. त्यानं ओढून बघितली.

“फोन हाय न्हवं तुझ्याकडं?” तो म्हणाला. “बसलास की एक. उठलास की एक.”

“कुणाला?”

तात्या आत गेला. 

मॅडमना अजून गायरानावर लक्ष हवंच आहे, दुसरे कोणी येतात का म्हणून. परवा पहाटे मी एकटाच बसलो, लिंबाच्या बुंध्याला टेकून. बाभळीवर राजाबाईनं नवं फडकं बांधलंय, ते मी तसंच राहू दिलंय. लांडोर त्याच्यापासून लांब, दुसऱ्या अंगाला उभी केलीय. बसल्या बसल्या तात्याच्या नंबरवर एक मिसकॉल दिला.

कुणी आलं नाही. दोन खऱ्या लांडोरी आल्या, खोटीच्या आजूबाजूला चरल्या, गेल्या. ऊन भरावाच्या माथ्यावर आलं. मी उठलो, पाइपातून सळई काढली, फडकं गुंडाळलं, गाठ वरच्या अंगाला घेतली. मग दुसरा मिसकॉल दिला. एकच रिंग झाली आणि तिकडून कट झाला.

मी जीपपर्यंत पोचलो आणि मागं वळून बघितलं. भरावाच्या पलीकडं, शेवग्याच्या झाडावरून, चुलीचा धूर वर यायला लागला होता.